घाटावरचे दहा, घाटाखालचं झुंजुमुंजू

बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही प्रश्नाला दोन उत्तरं असतात, एक घाटावरचं आणि एक घाटाखालचं. पाऊसपाण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळ्यात. राजूर घाटाच्या डोक्यावर बुलढाणा शहर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर गाठलं की उंची तीनशेच्या आत येते आणि शर्ट पाठीला चिकटतो. माझं माहेर घाटाखाली, मोताळा तालुक्यात. सासर घाटावर, चिखलीकडे. त्यामुळे ही दोन उत्तरं माझ्या घरातच नांदतात आणि आखाजीला माहेरच्या ओसरीवर समोरासमोर बसतात.

यंदाचा प्रश्न होता, सकाळी कोंबड्या किती वाजता सोडायच्या. माझे यजमान म्हणतात दहाला. आई म्हणते उजाडलं की. आईकडे डझनभर गावरान कोंबड्या, एक तुरेवाला कोंबडा, मातीच्या भिंतीचं खुराडं आणि दोन डाली. यांच्याकडे पत्र्याची शेड, चहूबाजूंनी जाळी, शंभरावर गिरिराज आणि वनराज. आई जावयाचं नाव घेत नाही, जावई सासूला उलटून बोलत नाहीत. वाद दोघांनाही घालायचा असतो, तेव्हा तो फार अदबीनं चालतो. मी मधे चहाचे कप नेत-आणत असते. जे ऐकलं ते जवळजवळ तसंच इथं देते आहे, माझी चोंबडी मतं घालून.

जावई: मामी, एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीस तास नुसतं कवच चढण्यात जातात, तेही बरंचसं रात्री. म्हणून उजाडल्यापासून पुढच्या चार-पाच तासांत बहुतेक कोंबड्या मोकळ्या होतात. त्याआधीच दार उघडलं, तर अंडं पडणार कुठं? काटेरी कुंपणात, पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली, शेजाऱ्याच्या कुटारात. दहापर्यंत कोंडा, सगळी अंडी खोक्यात.

आई: बापू, तुमचं खरं हाय. पण पंचवीस तास म्हणता ना तुमी? मंग आज सातले देलं तं उद्या आठले, परवा नऊले. अशी सरकत सरकत दुपार आली की एक दिवस नागा करते ते. दहाले दार उघडून सगळेच अंडे कसे सापडतीन?

जावई: सगळी नाही, पण बरीचशी.

आई: मले सगळे सापडतेत.

हे ती फुशारकीनं बोलत नाही. तिची रीत अशी. झुंजुमुंजू झालं की ती खुराड्यासमोर पाटावर बसते. दाराला लावलेला दगड सरकवते, फळी वीतभर उचलते आणि एकेक कोंबडी बाहेर येताना तिला हातात धरते. डाव्या काखेत कोंबडी, उजव्या हाताचं बोट शेपटीखाली. एवढ्या बोटभर तपासात तिला कळतं की आज अंडं आहे की नाही. पोटात कडक लागलं, तर ती कोंबडी डालीखाली. डालीत मूठभर भुसा आणि कालचं एक अंडं, दाखवायला. नाही लागलं, तर कोंबडी अंगणात. कोंबडी बाहेर पडते, अंग झाडते, एक पाय आणि त्याच बाजूचा पंख मागे लांबवून ताण देते, आणि तोवर कोंबडा एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फेर धरतो. डझनभर कोंबड्यांना पाव तास पुरत नाही असं नाही. डालीखालच्या दोघी-तिघी अंडं देऊन ओरडायला लागल्या की आई स्वयंपाकघरातूनच हात पुसत येते आणि डाल उचलते.

म्हणजे कोंडायचं तत्त्व तिलाही मान्य आहे. फक्त जिच्या पोटात अंडं आहे तिलाच कोंडायचं, बाकीच्यांनी काय गुन्हा केला, असा तिचा सवाल. यजमानांनी यावर बराच वेळ विचार केला.

जावई: मामी, माझ्याकडे शंभरावर आहेत. प्रत्येकीला काखेत धरत बसलो तर संध्याकाळ होईल.

आई: मंग कमी ठेवा.

इथे यजमान हसले, मीही हसले; आई हसली नाही. गावरान कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते. दहा-पंधरा दिली की खुडूक बसते. यांच्या पाखरांची अंडी त्याच्या दुप्पट. त्यामुळे 'कमी ठेवा' हा सल्ला आईच्या गणितात बसतो, यांच्या हप्त्याच्या गणितात बसत नाही. पण गणितं मांडायची तर पुढचं कलमही मांडायला हवं, ते म्हणजे खाद्य. अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. शेडमधल्या पाखरांना ते पोत्यातून मिळतं. आईच्या कोंबड्यांना सकाळी मूठ-दोन मूठ ज्वारी, संध्याकाळी तेवढीच कणी, आणि मधलं सगळं त्यांनी त्यांचं बघायचं.

आई: सकायी गारव्यात किडा सुस्त ऱ्हायते. उधई वर असते. उकिरडा उकरला की आळ्या निंघतेत. ऊन चढलं की सारं खाली जाते जमिनीत. दहाले सोडलेल्या कोंबडीनं काय धूळ खायची काय?

जावई: माझ्या कोंबड्यांना तोवर खाद्य दिलेलं असतं ना.

आई: तेच म्हणते मी. तुमाले इकत घ्या लागते ते माह्या कोंबड्याइले फुकटात भेटते, अन् ते पाह्यटीच भेटते.

इथे आई जिंकली असं मला वाटलं. वैशाखात तर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नाहीत. चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा पंखा. पारा पस्तिशी ओलांडू लागला की ती खाणं टाकते आणि नुसतं पाणी पिते. घाटाखाली आखाजीच्या दिवसांत सकाळी दहा म्हणजे सकाळच नव्हे. पत्र्याखाली कोंडलेल्या पाखरांचा तर तोवर अर्धा दिवस धापा टाकण्यात जातो. अशा सततच्या धापांनी अंगातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. हे यजमानांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. सासूसमोर मात्र त्यांनी ते सांगितलं नाही, मग मीच सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते इथं लिहीत नाही. उन्हाळ्यात शेडवर पऱ्हाट्या टाकून पाणी मारतो, एवढं ते म्हणाले. आणि चिखलीला इतकं तापत नाही, हेही. दोन्ही खरं आहे.

मग त्यांनी आपला हुकमी पत्ता काढला.

जावई: मामी, कोल्हा कधी येतो?

आई गप्प. कारण कोल्हा आणि रानमांजर येतात ते नेमके झाकट पडल्यावर आणि झुंजुमुंजूला. गावाच्या वरच्या अंगाला डोंगर, आणि डोंगरापलीकडे ज्ञानगंगा अभयारण्य. तिथे बिबट्या आहे, अस्वल आहे. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला एक तरुण वाघ कितीतरी जिल्हे तुडवत डिसेंबरात या ज्ञानगंगेत येऊन पोचला होता. महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. आमच्या गावात ती अशी झाली की आता ढोरं चारायला कुठं न्यायची. कोंबड्यांचं कुणी काही बोललं नाही. वाघ काही कोंबडीसाठी एवढं चालत येत नाही. पण रानमांजराला कोंबडीच पुरते, आणि ते बातमीत येत नाही.

आई: मी काई कोंबडा आरवला की दार उघडत नाई, बापू. पयला कोंबडा आरवते तवा रातच असते. हातावरच्या रेषा दिसू द्या. बाया झाडझूड कऱ्याले निंघू द्या. गल्लीत माणूस फिराले लागला की कोल्हा थांबते काय?

जावई: बरोबर. जपानमध्ये नागोया विद्यापीठात यावर अभ्यास झालाय. कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं, अंधाऱ्या खोलीत ठेवला तरी तो उजाडायच्या आधी आरवतो. आणि कळपात जो वरचढ तोच आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून.

आई: हे पाहाले जपानले जा लागते काय? आपला तुरेवालाच आंधी आरवते.

२०१३ आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेले ते शोधनिबंध आईपर्यंत असे पोचले आणि तिच्या दृष्टीनं निकाली निघाले. पण पुढचं तिचं बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ते पिल्लांविषयी होतं.

आई: तुमी दहाले सोडता ना, तवाच घार वर येते. सकायी तिले उडता येत नाई नीट, ऊन तापलं की मंग गोल गोल फिरते. मोठ्या कोंबडीले ते काई करत नाई, पण पिल्ल्यावाली कोंबडी तवा बाहीर असली तं एक पिल्लू गेलंच समजा. म्हणून पिल्ल्यावाली मी सगळ्याइच्या मागून सोडते, तेबी गोठ्याच्या सावलीत, अन् नऊ-साडेनवाले डालीखाली घेते.

तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर घारी तरंगतात, म्हणून त्यांचा दिवस उशिरा सुरू होतो, हे पक्षी पाहणारे लोकही सांगतात. म्हणजे पहाटेचा चोर वेगळा, दहाचा चोर वेगळा. मुंगूस तर दिवसभर हिंडतं. यजमानांनी शेडच्या मोकळ्या जागेवर वरूनही जाळी टाकली आहे, म्हणून त्यांना घारीचं काही नाही. पण जाळी नसलेल्याला 'दहाला सोडा, सुरक्षित' असं कुणी सांगत असेल, तर त्यानं आधी वर बघावं.

रोगाच्या बाबतीत मात्र दोघांत फारसं भांडण झालं नाही, आणि तिथे मी यजमानांच्या बाजूची आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका खुराड्यात शिरली की चार दिवसांत खुराडं रिकामं. लासोटा पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, सहा ते आठ आठवड्यांदरम्यान आर टू बी टोचून. देवीची लस वेगळी. हे सगळं करायचं तर पाखरं हाताशी हवीत, आणि सकाळी दार उघडण्याआधी जेवढी ती हाताशी असतात तेवढी दिवसभरात पुन्हा नसतात. एकदा सुटली की चिंचेवर, धाब्यावर, गोठ्याच्या आढ्यावर.

जावई: लस द्यायच्या दिवशी तरी मी येईपर्यंत दार उघडू नका, मामी.

आई: त्या दिवशी नाई उघडत. पण तुमी येळेवर या. मागच्या खेपेले बारा वाजवले.

आणि दार उघडताना बघणं हाही एक दवाखानाच आहे, यावर दोघांचं एकमत निघालं. रोज धडपडत पहिली निघणारी कोंबडी एखाद्या दिवशी मागे राहिली, पंख पाडून कोपऱ्यात बसली, खाली हिरवट पातळ विष्ठा दिसली, की ती वेगळी करायची. पावसाळ्यात खुराड्यातली वास मारणारी ओली गादी बदलायची, कारण रक्ती हगवण ओलीतूनच येते. शेडमध्ये दहाला एकदम मोठं दार उघडून पाखरांचा लोंढा सोडला, तर यातलं काही दिसत नाही. हे आई म्हणाली नाही, मी म्हणते.

२००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्ल्यू निघाला तेव्हा मोठ्या शेडांबरोबर आसपासच्या अंगणातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. आईला ती बातमी अजून आठवते. तिच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलंय की रोग येतो तो मोठ्या शेडांतून. यजमानांच्या मनात तेवढंच पक्कं आहे की रोग पसरतो तो मोकाट फिरणाऱ्या पाखरांतून. त्या दोन वाक्यांवर दोघंही फार रेंगाळले नाहीत, हे बरं झालं. चहा संपला होता आणि दुसरा करायला मी उठणार नव्हते.

मग विषय निघाला पेरणीचा. तिथे मला आईचा दुसरा चेहरा दिसला. मृग लागून पेरण्या सुरू झाल्या की ती स्वतः कोंबड्या कोंडते. पहाटे नाही, सकाळी नाही, अख्खा दिवस. गावाला लागून असलेल्या शेतात कोंबडी शिरली की तास उकरून सोयाबीनचा दाणा न् दाणा वेचते, आणि मग शेतवाला खुराड्यासमोर येऊन उभा राहतो. त्यात आता बियाण्याला थायरमसारखं औषध चोळलेलं असतं. ते पोटात गेलं की कोंबडीचे पाय लुळे पडतात, अंडी बिनकवचाची येतात, जास्त गेलं तर कोंबडीच जाते. औषध न लावलेलं कच्चं सोयाबीनही तिला नीट पचत नाही. पेंड होताना ते भाजलं जातं म्हणून चालतं.

जावई: बघा, म्हणजे कोंडायला तुमची हरकत नाही.

आई: कोंडाले हरकत कवा होती? घड्याळ पाहून कोंडाले हाय. पेरणीत कोंडते, शेजारणीनं कुरडया वाळू घातल्या तं कोंडते, कपाशीवर फवारा चालू असला तं कोंडते. तुमी बारा महिने दहाले उघडता. जूनमंधी पावणेसहाले दिवस निंघते, संक्रांतीले सातले. कोंबडीले काय ठाऊक दहा काय ते?

मला वाटतं, दोघांचा खरा फरक या वाक्यात आहे, आणि तो कोंबड्यांविषयीचा नाही. आईची सकाळ अशी आहे की अर्धा तास पाटावर बसून ती डझनभर कोंबड्यांशी बोलू शकते. ते तिचं काम आहे आणि तिची करमणूकही. अंडी विकून आलेला पैसा तिच्याच डब्यात जातो, त्यात वडिलांनी कधी हात घातला नाही. यजमानांची सकाळ दूध घालण्यात, मोटार चालू करण्यात, लाईट कधी येते ते बघण्यात जाते. रात्रीच्या पाळीची लाईट असली तर ते झोपलेलेच पहाटे असतात. त्यांना मोकळा वेळ मिळतो तो दहाला. मग अंड्याचे पंचवीस तास, कवचाचे वीस तास, हे सगळं त्या दहाला आधार म्हणून येतं. शास्त्र खोटं नाही. ते सोयीचं आहे इतकंच. ते बाहेरगावी असले की शेड मी उघडते, आणि मी आठला उघडते. मुलं शाळेत गेलेली असतात, कणीक मळून झालेली असते. माझ्या आठला कुठलंही शास्त्र नाही. अंडी दोन-चार कमी सापडतात, तेवढी मी हिशेबात धरते.

सरकारी कुक्कुट योजनेत पन्नास टक्के अनुदानावर आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट मिळतो, पंचवीस माद्या आणि तीन नर. पंचवीस हा आकडा मला या वादात फार शहाणा वाटतो. पंचवीस तलंगा म्हणजे आईच्या पाटापेक्षा थोड्या जास्त आणि यांच्या शेडपेक्षा पुष्कळ कमी. दोन बायका मिळून त्या काखेत धरून तपासू शकतात.

तोडगा मी सुचवला. शेडला लागून जाळीचं छोटं अंगण करायचं. उजाडलं की पाखरं शेडमधून त्या अंगणात येतील, अंड्याची खोकी आत उघडीच राहतील, दहाला मग बाहेरचं फाटक उघडायचं. यजमानांना पटलं, त्यांनी लगेच जाळीचे फूट मोजायला सुरुवात केली.

आई: मंग ते सोडणं थोडंच झालं? कोंडणंच झालं, जरा मोठ्या डालीत.

निघताना आईनं पाच तलंगा आणि एक पठ्ठा पाटीत घालून, वर पोतं बांधून दिला. यजमानांनी विचारलं, यांना तरी कधी सोडू?

आई: आठ दिवस बिलकुल सोडू नोका. नवी जागा हाय, घर ओळखू द्या. पह्यल्याच दिवशी सोडले तं झाडावर जाऊन बसतीन अन् रातच्याले मांजर खाईन.

जावई: ऐकलंस? खुद्द मामीच म्हणतायत, कोंडा.

आई: नवव्या दिवशी मात्र फोन करा. दिवस निंघाच्या आंधी करा, मी जागीच असते. दहाले केला तं उचलणार नाई.